माल पोचला नाही. मग पैसे कुणाचे?

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर आमच्या वहिनींनी शिलाई मशीनला बसवायची मोटर मोबाइलवरून मागवली. गुडघे कुरकुरू लागले होते आणि शिवायच्या ब्लाउजांचा ढीग वाढत होता. मोटर १,७८० रुपये, डिलिव्हरी ४९, ‘प्लॅटफॉर्म फी’ म्हणून आणखी २०; एकूण १,८४९ रुपये आगाऊ भरले. पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोनवर निरोप आला: पार्सल पोचले, घेणारा ‘स्वतः’. त्या वेळी ‘स्वतः’ जयारोग्य रुग्णालयात औषधांच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या होत्या आणि ग्वाल्हेरच्या बिर्ला नगरातल्या आमच्या दाराला कुलूप होते.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, “मॅडम, सिस्टम में डिलिवर्ड दिखा रहा है।” वहिनी म्हणाल्या, “सिस्टम में होगा भैया, घर में नहीं है।” तक्रार नोंदली गेली, दोनदा ‘समाधान झाले’ असा शेरा मारून ती परस्पर बंदही झाली. मग पैसे ‘वॉलेट’मध्ये टाकतो म्हणाले. सव्विसाव्या दिवशी बँकेत १,७८० रुपये आले. उरलेले ६९ तिकडेच राहिले.

नागरिकहो, आज ग्वाल्हेरात, पुण्यात, नागपुरात असा अनुभव न आलेले घर शोधावे लागेल. कुणाची साडी वाटेत हरवली, कुणाच्या नातवाचे बूट ‘ग्राहक घरी नव्हता’ असा शेरा घेऊन परत गेले, कुणाला खोक्यात दुसरेच काही मिळाले. म्हणून किस्सा इथेच थांबवतो आणि मुद्द्यांवर येतो.

१. आगाऊ भरलेले पैसे ही आपली ठेव आहे. दुकानात आपण एका हाताने नोट देतो, दुसऱ्या हाताने वस्तू घेतो. ऑनलाइन खरेदीत या दोन हातांमध्ये चार-आठ दिवसांचे आणि हजार किलोमीटरचे अंतर पडते. तेवढ्या दिवसांत आपला पैसा कुणाकडे असतो? विक्रेत्याकडे किंवा ज्याच्या मंचावर आपण खरेदी केली त्याच्याकडे. कोणत्या विश्वासावर? वस्तू येईल या एकाच. ती आली नाही की पैसा धरून ठेवण्याचे कारणच संपले. तरीही परतावा मागणारा माणूस फोनवर ‘प्लीज’ म्हणतो, आवाज खाली आणतो, जणू उसने मागायला आला आहे! ही लाचारी आपल्यात आली कुठून?

दुसऱ्याच्या हाती अडकलेला पैसा म्हणजे काय, हे आमच्या बिर्ला नगराला कुणी शिकवायला नको. ही वस्तीच जियाजीराव कॉटन मिलच्या भोंग्यावर उठली-बसली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जेसी मिल बंद पडली आणि कामगारांची देणी कोर्टकचेऱ्यांच्या फायलींत गेली. हिशेबाची वाट बघतच कितीतरी जण गेले. त्यांच्या मुलांनी कागद सांभाळले, आता नातवंडे सांभाळतात. इंदूरच्या हुकूमचंद मिलच्या कामगारांच्या देण्याचा निकाल लागून पैशांचे वाटप जाहीर व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला, म्हणजे गिरणी थांबून तीस वर्षे उलटली होती. गिरणीचा पगार आणि मोटरीचे १,८४९ रुपये यांची तुलना मी करत नाही. रकमेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण युक्तिवाद दोन्हीकडे एकच ऐकू येतो: “पैसे बुडालेले नाहीत, प्रक्रिया चालू आहे.” ज्याचा पैसा अडकतो त्याच्यासाठी ‘बुडाले’ आणि ‘प्रक्रिया चालू आहे’ यांत काडीचाही फरक नसतो.

२. हक्क मागायचा नाही. तो कायद्यात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ऑनलाइन खरेदी करणाऱ्याला स्पष्ट शब्दांत ‘ग्राहक’ म्हटले. तीनच दिवसांनी, २३ जुलैला, ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. सांगितलेल्या तारखेनंतर माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देता येत नाही, असे त्या नियमांत लिहिले आहे. पूर, दंगल अशा कुणाच्याच हाती नसलेल्या कारणाने उशीर झाला तर तेवढी सवलत. आता विचार करा: उशिरा आलेल्या मालाचे पैसे परत द्यावे लागतात, तर मुळीच न आलेल्या मालाचे द्यावे लागतात हे वेगळे सांगायला हवे का? प्रत्येक मंचाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क जाहीर करायचा आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची आहे. तक्रारीला क्रमांक द्यायचा आणि विक्रेत्याचे नाव-गाव विचारले तर तेही सांगायचे, असाही नियम आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती आमच्या वस्तीच्या कामाची आहे. “मोटर धंद्यासाठी घेतलीत, मग तुम्ही ग्राहक कशा?” असे वहिनींना कुणीतरी ऐकवले. साफ चूक. स्वतःच्या हातांनी काम करून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी हेतू’त धरलेली नाही. घरी बसून फॉल-पिको करणारी बाई, एकटा रिक्षावाला, एका कॅमेऱ्यावर संसार चालवणारा फोटोग्राफर, हे सगळे ग्राहकच आहेत. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? आपल्याला हे माहीत नसण्यात ज्यांची सोय आहे, त्यांना मात्र ते तोंडपाठ असते.

३. पोच कुणी दाखवायची? माझ्या मते सगळ्या भांडणाची मेख इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

गिरणीतले मजूर दर महिन्याला गावी मनीऑर्डर करत. पोस्टमन पैसे हातात ठेवी, फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर सही नाहीतर अंगठा घेई, आणि तो तुकडा उलट टपालाने पाठवणाऱ्याकडे परत येई. ती ‘पोच’. त्या निळसर अंगठ्याकडे बघून माणसाला कळे की पैसे आईला मिळाले. तिने अंगठा जरा तिरका उमटवला तरी मुलगा ओळखी! पुस्तके मागवायची तर व्ही.पी.ने मागवत, १८७७ सालापासून आपल्या टपाल खात्यात ही सोय होती. पोस्टमनने पाकीट दारात आणले की पैसे मोजायचे, तोवर नाही. म्हणजे शे-दीडशे वर्षांपूर्वी, सायकलवरच्या पोस्टमनला जमत होते ते एवढेच: घेणाऱ्याच्या हाती वस्तू पडल्याचा पुरावा घेणाऱ्याकडूनच घ्यायचा.

आज काय होते? पोचवणारा आपल्याच फोनवर बटण दाबतो आणि ‘घेणारा: स्वतः’ उमटते. हा पुरावा कुणी तयार केला? ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच बाजूने. तो कुणापुढे ठेवला जातो? ज्याला माल मिळालेला नाही त्याच्यापुढे. आणि मग आपल्याला सांगतात, “मिळाला नाही हे सिद्ध करा.” न घडलेली गोष्ट सिद्ध कशी करायची? कुलूप लावलेल्या दाराचा रोज दुपारी दोन वाजता फोटो काढून ठेवायचा काय? उलट, पोचवणारा कुठे उभा होता, त्याच्या फोनचे ठिकाण काय होते, ओटीपी घेतला की नाही, फोटो काढला की नाही, पार्सलचे वजन गोदामातून निघताना किती होते, ही सारी माहिती एकट्या कंपनीच्या हाती असते. ज्या गोष्टीची खास माहिती ज्याच्याकडे, ती सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर, हे आपल्या पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. ते पार्सलला का लागू नसावे?

याच्या आड एक जुने कलमही येते. १९३० च्या मालविक्री कायद्यात असे आहे की विक्रेत्याने खरेदीदाराकडे पाठवायचा माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की तो सकृद्दर्शनी खरेदीदाराला पोचला असे धरायचे. कापडाच्या गाठी मालगाडीत चढत त्या काळाला ते शोभत होते. घेणारा व्यापारी, देणारा व्यापारी, आणि रेल्वेची पावती दोघांच्या ओळखीची. पण वहिनींच्या मोटरीसाठी कुरियर कुणी निवडला? वहिनींनी? त्यांना त्याचे नावही पार्सल ‘पोचल्या’वर कळले. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि ब्रिटनने २०१५ मध्ये कायद्यातच लिहून टाकले की घरगुती ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात वस्तू जाईपर्यंत ती हरवण्या-फुटण्याची जोखीम विक्रेत्याची. ग्राहकाने स्वतःचा वाहतूकदार धाडला असेल तरच गोष्ट वेगळी. असे एक सरळ वाक्य आपल्या नियमांतही हवे.

आणि आमच्या बिर्ला नगरासारख्या ठिकाणी तर ते हवेच हवे. इथले पत्ते लाइन नंबराने चालतात. एका लाइनीचे पार्सल दुसऱ्या लाइनीत त्याच आकड्याच्या घरी जाणे हा रोजचा खेळ आहे. शेजारधर्म जिवंत आहे तिथे ते संध्याकाळी परत येते. नसले तर येत नाही. पण पत्ता शोधणे हे पोचवणाऱ्याचे काम, त्याचेच तर ४९ रुपये घेतले! तेव्हा घेणाऱ्याचा ओटीपी, सही किंवा चेहऱ्यासमोर दिलेल्या मालाची नोंद नसेल, तर माल पोचला नाही असेच धरले पाहिजे.

४. ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ पूर्ण. आता त्या ६९ रुपयांकडे या. फोनवर सांगितले गेले, “डिलिव्हरी चार्ज और प्लॅटफॉर्म फी नॉन-रिफंडेबल है।” ऐकायला रुबाबदार वाटते. मराठीत सांगायचे तर: आम्ही तुमची वस्तू पोचवली नाही, म्हणून पोचवण्याचे पैसे परत देणार नाही. हॉटेलात जेवण आले नाही आणि वाढप्याची बक्षिसी मात्र बिलात लावली, तर आपण मालकाला काय म्हणू? जी सेवा झालीच नाही तिचे शुल्क कसले? ग्राहकाने स्वतः ऑर्डर रद्द केली तरीदेखील मंचाला रद्द करण्याचे शुल्क मनमानी लावता येत नाही. आपल्या बाजूने रद्द करताना तेवढाच भुर्दंड तो स्वतः सोसत असेल तरच लावता येते, असे २०२० चे नियम सांगतात. वहिनींनी तर रद्दही केले नव्हते. त्या वाट बघत होत्या.

“जाऊ द्या हो, ६९ रुपये!” असे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांत माझा एक जिवलग मित्रही होता. त्याला विचारले, “तू सोडशील, मी सोडीन, मग ते जमतात कुणाकडे?” प्रत्येक घराने ‘जाऊ द्या’ म्हणून सोडलेले पैसे हवेत विरत नाहीत, कुणाच्या तरी ताळेबंदात ते उत्पन्न म्हणून चढतात. एवढ्या थोड्या रकमेसाठी कुणी भांडायला येणार नाही, हा हिशेब बसवणाऱ्याने आपली नाडी बरोबर ओळखली आहे.

यात बुडालेल्या कामाचा हिशेब मी अजून धरलेलाच नाही. सव्वीस दिवसांत लग्नाचे तीन मुहूर्त गेले. वहिनींनी दोन गिऱ्हाइके परत पाठवली आणि शेवटी हजीऱ्याच्या बाजारातून ३२० रुपये जास्त देऊन तशीच मोटर घेतली. दुकानदाराने ती मशिनीला लावून, चालवून दाखवली, पट्टा कसून दिला आणि हाताने बिल लिहिले. व्याज आणि नुकसानभरपाई देण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे तो याचकरता. ती मागायला लाजण्याचे कारण नाही.

५. कूपन म्हणजे पैसे नव्हेत. “वॉलेटमध्ये टाकतो” म्हटल्यावर वहिनींनी विचारले होते, “किसके वॉलेट में?” प्रश्न भाबडा वाटला तरी वर्मावर बसणारा आहे. त्या पाकिटातून डाळ-तांदूळ येत नाहीत, दूधवाल्याचे बिल भागत नाही. ज्याने माल दिला नाही त्याच्याच दुकानात ते पुन्हा खर्चावे लागतात, बहुधा ठरावीक मुदतीत. आपलाच पैसा आपल्याला बेडी घालून परत द्यायचा, असा हा प्रकार.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हा खेळ दोनदा तरी उघड्यावर आणला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने ओलाला आदेश दिला की परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपात, ही निवड प्रवाशाने करायची. तोवर प्रवाशाला पुढच्या फेरीचे कूपनच मिळत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये रॅपिडोला १० लाखांचा दंड झाला. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर पन्नास रुपये’ अशी जाहिरात. देताना मात्र रुपयांऐवजी ‘कॉइन’, तेही पन्नासपर्यंत कितीही, फक्त बाइकच्या फेरीला चालणारे आणि सात दिवसांत मरणारे. ज्यांना आश्वासनाप्रमाणे रक्कम मिळाली नाही त्यांना ती पूर्ण परत करा, असाही आदेश झाला. वाहनांना लागू झालेला हा न्याय वाहून आणायच्या मालालाही लागू व्हायला हवा: पैसा ज्या खात्यातून गेला त्याच खात्यात, रुपयांतच.

६. मुदतीचा आकडा कुठे आहे? आता कायद्यातली फट दाखवतो. मान्य झालेला परतावा किती दिवसांत द्यायचा? रिझर्व्ह बँकेने वा अन्य अधिकाऱ्याने ठरवल्याप्रमाणे ‘वाजवी मुदतीत’, असे नियम म्हणतात. वाजवी म्हणजे किती? वीजबिलात ‘वाजवी मुदत’ नसते, तिथे तारीख असते आणि ती चुकली की अधिभार लागतो. ग्राहकाने द्यायचे तेव्हा तारीख, ग्राहकाला द्यायचे तेव्हा ‘वाजवी’!

मुदत ठरवता येत नाही असे मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ती ठरवून दाखवली. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला मिळाल्याची खूण आली नाही, असा यूपीआयचा किंवा कार्डाचा व्यवहार फसला, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायची. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. व्यवहार फसला तर दिवसाला शंभर. व्यवहार झाला आणि माल बुडाला, तर सव्वीस दिवसांचे शून्य. या दोन प्रकारांत ग्राहकाच्या खिशाला काय वेगळे वाटते? अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्यांसाठी १९७५ पासून नियम आहे: सांगितलेल्या वेळेत, आणि वेळ सांगितली नसेल तर तीस दिवसांत, माल रवाना झाला पाहिजे, उशीर व्हायचा असेल तर ग्राहकाची संमती, ती नसेल तर पैसे परत. पुढे तोच नियम इंटरनेटवरच्या विक्रीला लावला गेला. पन्नास वर्षांपूर्वी, कॅटलॉग आणि पोस्टकार्डाच्या जमान्यात जे बांधून देता आले ते आज संगणकाला अवघड आहे काय?

मुदत नसली की काय होते हे टाळेबंदीच्या विमान तिकिटांनी दाखवले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचा मार्ग आखून दिला. तरी ‘यात्रा’ या बुकिंग मंचाकडे २०२१ मध्ये प्रवाशांचे सुमारे २६ कोटी रुपये अडकलेले होते आणि जून २०२४ मध्ये, प्राधिकरणाने पाठपुरावा करूनही, अडीच कोटींच्या घरातली रक्कम बाकीच होती. म्हणून मागणी साधी आहे: सांगितलेली तारीख उलटली आणि पोच नसली, तर ठरावीक दिवसांत परतावा आपोआप निघावा, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला दंड. पैसे घेताना जे यंत्र तीन सेकंद लावते, त्याला परत देताना महिना लागतो, हे आम्ही का मान्य करावे?

७. पार्सलवाल्या पोरावर खापर नको. हे थोडक्यात, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुचाकीवर पोत्याएवढी पिशवी लादून येणारा मुलगा आमच्याच वस्तीतला असतो. कुणा जुन्या गिरणी कामगाराचा नातूही असेल. पार्सलमागे ठरलेले पैसे, दिवसाचा कोटा, तीन मजले चढून दार बंद. अशात बटण दाबायचा मोह होतो, आणि कधी तर वरूनच दाबायला सांगतात. त्याची चूक झाली तर ती त्याच्या मालकाने निस्तरावी. वहिनींचे ६९ रुपये त्या पोराच्या पगारातून कापून आले, तर त्यांना ते नको आहेत. तसे त्यांनी ग्राहक आयोगाकडच्या अर्जात लिहायलाही सांगितले. जबाबदारी ज्याने पैसे घेतले त्याची आहे.

८. दुकानच नसेल तर घड्याळ बघा. फोनवरच्या जाहिरातीत अर्ध्या किमतीची पैठणी दिसली, पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचे पानच गायब: हा परताव्याचा वाद राहत नाही, ही चोरी आहे. तिथे मेल पाठवत बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेला कळवावे. पहिल्या काही तासांत पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. ‘परतावा विभाग’ म्हणून ज्याचा फोन आपल्याला येतो आणि जो ओटीपी किंवा क्यूआर मागतो, तो तर बहुधा दुसरा चोर. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, एवढे घरातल्या म्हाताऱ्यांना आणि कॉलेजातल्या पोरांनाही पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. फसतात दोघेही सारखेच.

९. आता आपली पाळी. सरकारला, कंपन्यांना सुनावून झाले. आपण काय करतो? चिडतो, स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो, चार जण रागावलेले चेहरे टाकतात आणि दुपारी नवी ऑर्डर जाते.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही बोलते. २०२५ च्या एप्रिल अखेरीपासून डिसेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत तिच्यामार्फत सुमारे ४५ कोटी रुपये ग्राहकांना परत मिळाले. त्यांतले ३२ कोटींच्या आसपास एकट्या ई-कॉमर्सचे. म्हणजे फोन करणाऱ्याला पैसे मिळतात. न करणाऱ्यांचे किती राहिले असतील?

हेल्पलाइनने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क शून्य आहे. वकील लागत नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचे आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’वर अर्ज घरबसल्या भरता येतो. “वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात” असे अटींच्या बारीक छपाईत वाचून घाबरू नका. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात जाण्याची मुभा दिली आहे. कंपनी कुठलीही असो, तिने ग्वाल्हेरला यायचे. लवादाची अट लिहिलेली असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

तीन महिन्यांत निकाल, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. आयोगांतल्या रिकाम्या खुर्च्यांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. सदस्य नेमणे हे राज्य सरकारांचे काम, आणि ते झाले की नाही हे मते मागायला येणाऱ्याला विचारणे आपले.

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो पुढे बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. एकेकट्याने भांडून हरणारी माणसे त्यांनी एका टेबलाशी बसवली. आमच्या शहरात मराठी मंडळे कमी नाहीत. गणेशोत्सवात लष्कर भागापासून मुरारपर्यंत दहा दिवस कार्यक्रम असतात. व्याख्यान होते, नाटक होते, पाककृती स्पर्धा तर होतेच होते. मंडपाच्या एका कोपऱ्यात एक टेबल, एक लॅपटॉप, कॉलेजातली दोन मुले, आणि पाटी: ‘ज्यांचे पार्सल आले नाही त्यांनी इथे यावे’. मोदकांच्या स्पर्धेला एक वर्ष सुट्टी मिळाली तरी चालेल, असे मी म्हटले, तेव्हा घरातच विरोध झाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. स्पर्धाही राहू दे, टेबलही राहू दे.

वहिनींनी टेबलाची वाट पाहिली नाही. ऑर्डरची पावती, ‘घेणारा: स्वतः’चा स्क्रीनशॉट, त्याच दिवशीची जयारोग्यची दोन वाजून पाच मिनिटांची औषधाची चिठ्ठी, दोनदा बंद केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि हजीऱ्याच्या दुकानाचे हाताने लिहिलेले बिल, असे पाच कागद त्यांनी जिल्हा आयोगाकडच्या अर्जाला जोडले. मागणी: ६९ रुपये, १,८४९ रुपयांवरचे सव्वीस दिवसांचे व्याज, नव्या मोटरीच्या किमतीतले ३२० रुपये, आणि परत गेलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या शिलाईचे पैसे. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशीचे ब्लाउज आदल्या रात्रीच पुरे करायचे, असे वहिनींनी ठरवले आहे.